घरचा हिशेब : मालक स्वतः घेतोय म्हणे!



मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. रविवारी असरची नमाज आटोपून आमचे थोरले भाईजान घरी आले. कुवेतमध्ये बावीस वर्षे काढून ते दोन वर्षांपूर्वी कायमचे परतले. चहा ठेवेपर्यंत त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "तू एवढे वाचतेस, लिहितेस. हे बघ जरा."

त्यांच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला होता. एका मध्यम आकाराच्या कंपनीचे नाव आणि पुढे मजकूर असा : मालकाने स्वतःच्या खिशातून ३ कोटींचे शेअर घेतले आहेत. आतल्या माणसाला सगळे माहीत असते. आत्ताच घ्या, नंतर पस्तावाल.

"आणि पैसे कुठले घालणार?" मी विचारले.

"पोरीच्या फीचे आहेत. चार लाख. पुढच्या तीन वर्षांचे. आज नुसतेच पडून आहेत ना?"

माझी भाची... म्हणजे भाईजानची धाकटी, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिची फी म्हणजे भाईजानच्या बावीस वर्षांतल्या शेवटच्या काही महिन्यांचा घाम. तरीही मी लगेच 'नको' म्हटले नाही. म्हणायला तोंड नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या स्टाफरूममध्ये अशीच बातमी आली होती की अमुक कंपनीचा डायरेक्टर शेअर घेतोय. मी घरात कुणाला न सांगता ४० हजार रुपये घातले. दीड वर्षाने विकले तेव्हा हातात ११ हजार आले. त्यानंतर मी या नोंदी वाचायला शिकले. आधी शिकायला हवे होते, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा भाईजानना म्हटले, "बसा. निरोप राहू द्या बाजूला. मूळ नोंद बघू."

'इनसायडर' हा शब्द आणि त्याचे दोन अर्थ

शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव घातले की 'कॉर्पोरेट फायलिंग्ज' या भागात 'इनसायडर ट्रेडिंग' नावाचे एक पान उघडते. ते नाव वाचून भाईजान दचकले. "अगं, हा तर गुन्हा ना? बातम्यांत येतो तो?"

गोंधळ होणे साहजिक आहे. कंपनीच्या आतल्या माणसाने, म्हणजे प्रवर्तक, संचालक किंवा मोठ्या अधिकाऱ्याने, आपल्याच कंपनीचे शेअर घेणे किंवा विकणे हा गुन्हा नाही. जाहीर न झालेली महत्त्वाची बातमी हाताशी धरून व्यवहार करणे, किंवा ती बातमी दुसऱ्याला पुरवणे, हा गुन्हा आहे. २००८ च्या सप्टेंबरात गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेच्या संचालक मंडळाची फोनवर बैठक झाली. वॉरन बफे यांची कंपनी ५ अब्ज डॉलर गुंतवणार हे त्या बैठकीत कळले. संचालक रजत गुप्ता यांनी ती गोष्ट मित्र राज राजरत्नम यांना सांगितली, असे न्यायालयात सिद्ध झाले. स्वतः एक शेअरही न घेता गुप्तांना २०१२ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. आतली बातमी ही अमानत आहे. कायदाही नेमके तेच म्हणतो, फक्त शब्द वेगळे वापरतो.

आपल्याकडे 'सेबी'चे यासंबंधीचे नियम २०१५ चे आहेत. त्यांतले आपल्या कामाचे तेवढे सांगते.

पहिला नियम. प्रवर्तक, त्यांच्या गटातली माणसे, संचालक आणि कंपनीने नेमून दिलेले अधिकारी यांचा व्यवहार एका तिमाहीत १० लाख रुपयांच्या वर गेला, की दोन कामकाजी दिवसांत त्याची माहिती द्यावी लागते आणि ती शेअर बाजाराकडे जाऊन सर्वांना दिसते. आता यांतल्या बऱ्याच नोंदी डिपॉझिटरीकडून आपोआपच येतात.

दुसरा. तिमाही संपली की आतल्या माणसांसाठी खरेदी-विक्रीची खिडकी बंद होते. निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटल्यावर ती उघडते. निकाल त्यांना आपल्या आधी कळतात, म्हणून ही बंदी.

तिसरा. आज घेतलेले शेअर त्यांना सहा महिन्यांच्या आत उलटे विकता येत नाहीत.

हा तिसरा नियम ऐकून भाईजान जरा थबकले. "म्हणजे मालकाने घेतले असतील, तर तो निदान सहा महिने अडकून बसणार?" होय. मग त्याच्या खरेदीवरून 'आठवड्यात पैसे दुप्पट' असा अर्थ काढणारा एक तर नियम जाणत नाही, किंवा जाणूनबुजून आपल्याला बनवतो.

नोंद वाचायची कशी?

आम्ही त्या कंपनीच्या वर्षभराच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक ओळीत माणसाचे नाव, त्याचे कंपनीशी नाते, आधी किती शेअर होते, किती घेतले किंवा दिले, किंमत, तारीख, नंतर किती उरले, अशी माहिती असते. त्यातच एक रकाना असतो : व्यवहार कोणत्या मार्गाने झाला. माझ्या मते सगळ्यात आधी हाच रकाना बघावा.

निरोपातले '३ कोटी' आम्हाला सापडले. मार्ग होता 'इंटर-से ट्रान्सफर'. म्हणजे गटातल्या गटात हस्तांतर. आईच्या नावचे शेअर मुलाच्या नावावर गेले होते. बाजारातून एकही शेअर घेतलेला नव्हता. घराण्याकडे आधी जितके टक्के होते, तितकेच नंतरही होते. आपल्याकडे वडिलांची वाडी मुलाच्या नावावर झाली म्हणून गावात जमिनीचा भाव वाढला, असे कुणी म्हणते का?

पुढची ओळ एका अधिकाऱ्याची होती. मार्ग 'इसॉप'. कंपनी नोकरदारांना पगाराचा भाग म्हणून स्वस्तात शेअर देते, ते हे. यात त्याने बाजारभावाने स्वतःचे पैसे लावले नाहीत. अशाच नोंदी 'भेट' म्हणूनही दिसतात. त्यांचाही कंपनीच्या भवितव्याशी संबंध जोडू नये.

तिसरी ओळ मात्र खरी होती. 'मार्केट पर्चेस', म्हणजे मालकाने बाजारातून, आपल्यासारखेच, रोख पैसे देऊन घेतलेले शेअर. रक्कम १२ लाख.

भाईजान म्हणाले, "बघ, घेतलेत ना!"

घेतले होतेच. पण त्याच ओळीत त्यांच्याकडे आधी किती शेअर होते तो आकडाही होता. भावाने गुणले तर साधारण २०० कोटी रुपये झाले. २०० कोटींवर १२ लाख म्हणजे शेकडा ०.०६. भाईजानच्या चार लाखांना तेच प्रमाण लावले तर किती होतात? २४० रुपये. मालकाने आपल्या मालमत्तेतले २४० रुपये लावावेत, आणि ते बघून आपण पोरीचे चारच्या चार लाख लावावेत, असा तो सौदा होता.

भाईजान काही बोलले नाहीत. चहा निवत होता, तो मी परत गरम केला.

गहाण टाकलेले शेअर

मग मी त्यांना दुसरे पान दाखवले. प्रवर्तक आपले शेअर तारण ठेवून कर्ज काढतात. त्याचीही नोंद द्यावी लागते, आणि दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात गहाण शेअरांचा रकाना असतो. या कंपनीच्या मालकांचे गहाण शेअर तीन तिमाहींत ३४ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेले होते. भाव पडला की सावकार जादा तारण मागतो. ते देता आले नाही की तो शेअर बाजारात विकून मोकळा होतो, भाव आणखी पडतो, आणि सामान्य भागधारकाला पळायला वाट उरत नाही. अशा वेळी मालकाने १२ लाखांची खरेदी केली, तर ती विश्वासाने केली की भाव टेकवून धरण्यासाठी केली, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. पण शंका घ्यायला जागा आहे, एवढे नक्की.

गहाण शेअर जाहीर करण्याची सक्ती आपल्याकडे कशी आली, हेही सांगितले पाहिजे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. त्या एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. २००१ मध्ये प्रवर्तकांकडे कंपनीचा सुमारे पाव हिस्सा होता. २००८ पर्यंत तो दहा टक्क्यांच्या खाली आला होता. घसरणारा हा हिस्सा तिमाहीच्या तक्त्यांत सर्वांना दिसत होता. उरलेले शेअर सावकारांकडे गहाण होते, ते मात्र अगदी शेवटी उघड झाले. त्याच जानेवारीत सेबीने गहाण शेअर जाहीर करणे बंधनकारक केले.

दाभोळवाल्यांची गोष्ट

आम्हा रत्नागिरीकरांना एन्रॉन हे नाव सांगावे लागत नाही. गुहागरचा प्रकल्प, ते मोर्चे, ती बंद पडलेली वीज, सगळे आठवते. त्या एन्रॉनची अमेरिकेतली गोष्ट मात्र फारशी कुणाला माहीत नसते.

२००१ च्या सप्टेंबरात कंपनीचा भाव घसरत असताना अध्यक्ष केनेथ ले यांनी कर्मचाऱ्यांना सांगितले की हा शेअर म्हणजे मोठीच स्वस्ताई आहे, मी स्वतः घेतो आहे. ते खोटे नव्हते. त्यांनी आधीच्या दोन महिन्यांत साधारण ४० लाख डॉलरचे शेअर घेतले होते. पण अमेरिकेच्या बाजार नियामकाने केलेल्या तक्रारीनुसार, त्याच काळात त्यांनी २ कोटी ४० लाख डॉलरचे शेअर कंपनीलाच परत विकले होते. ही विक्री कुणाला दिसली नाही, कारण कंपनीला परत विकलेल्या शेअरांची नोंद तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्ष संपल्यावर दिली तरी चालत होती. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरांत ठेवलेले हजारो कर्मचारी उघड्यावर आले. पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदा बदलला आणि आतल्या माणसांच्या जवळजवळ सर्वच व्यवहारांची नोंद दोन कामकाजी दिवसांत द्यायला लावली.

या गोष्टीतून घ्यायचे ते हे की नुसती खरेदी बघायची नसते. खरेदी आणि विक्री दोन्ही मांडून शेवटी माणसाकडे किती उरले, ते बघायचे असते. मुलांना आपण वजाबाकी शिकवतो ती यासाठीच.

मग या नोंदींचा काही उपयोग आहे का?

आहे. जोसेफ लॅकोनिशॉक आणि इनमू ली या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या नोंदी तपासून २००१ मध्ये निष्कर्ष मांडला. आतल्या माणसांच्या खरेदीतून पुढची थोडीफार दिशा कळते, तीही मुख्यतः लहान कंपन्यांत. त्यांच्या विक्रीतून फारसे काही कळत नाही. कारण उघड आहे. माणूस विकतो ते घर बांधायला, मुलीच्या लग्नाला, कर्ज फेडायला. आपल्याकडे तर प्रवर्तकांचा हिस्सा ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर तो खाली आणण्यासाठी विकावेच लागते. पण स्वतःच्या खिशातले पैसे घालून घेण्याचे कारण बहुधा एकच असते : त्याला ते स्वस्त वाटते. वाटते, एवढेच. मालकाचाही अंदाज चुकतो. बुडालेल्या कितीतरी धंद्यांत मालकच शेवटपर्यंत पैसे ओतत होते.

ज्या घरांत शेअरमध्ये गुंतवणूक होते, त्यांनी या नोंदी बघताना हे प्रश्न वहीत लिहून ठेवावेत :

१. व्यवहार बाजारातून रोखीने झाला, की हस्तांतर, भेट, इसॉप यांपैकी काही आहे?

२. घेणाऱ्याच्या आधीच्या हिश्श्याच्या मानाने खरेदी केवढी आहे? संचालक किंवा हिशेब सांभाळणारा वरिष्ठ अधिकारी पगाराच्या मानाने मोठी रक्कम घालत असेल, तर ती नोंद जास्त बोलकी.

३. एकट्याने घेतले, की काही आठवड्यांत तीनचार जणांनी वेगवेगळे घेतले?

४. सहा-आठ तिमाहींत प्रवर्तकांचा एकूण हिस्सा वाढला, घटला, की तसाच आहे?

५. गहाण शेअर वाढताहेत का?

६. मालकाने कोणत्या भावाला घेतले आणि आज भाव काय आहे? निरोप आपल्यापर्यंत पोहोचेतो भाव पुष्कळदा पुढे गेलेला असतो.

सगळी उत्तरे चांगली आली, तरी त्याचा अर्थ 'घ्या' असा होत नाही. 'आता कंपनीचा अभ्यास सुरू करायला हरकत नाही' इतकाच होतो. तिचा धंदा आपल्याला चालणारा आहे का, व्याजी कर्ज किती, नफा रोखीत येतो की कागदावर, हे सर्व त्यानंतर बघायचे. आणि पैसे ते, जे पाच-सात वर्षे लागणार नाहीत.

नोकरी करणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी

आज आपली मुले-मुली पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांत हिशेबाच्या, संगणकाच्या, औषधांच्या विभागांत काम करतात. याचा मला शिक्षिका म्हणून फार आनंद आहे. पण जेवताना दस्तरख्वानवर मुलगा म्हणाला की यंदा आमच्या कंपनीचा निकाल जोरात येणार, आणि दुसऱ्या दिवशी मामूंनी शेअर घेतले, तर दोघेही गुन्ह्यात येऊ शकतात. दंड किमान १० लाखांपासून २५ कोटींपर्यंत किंवा नफ्याच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल तितका होऊ शकतो. तुरुंगाचीही तरतूद आहे. नेमलेल्या कर्मचाऱ्याच्या जवळच्या नातेवाइकांनाही हे नियम लागू होतात. म्हणून मुलांना विचारू नका, आणि त्यांनी सांगितले तर ऐकल्यावर तिथेच सोडून द्या.

आणि एक. 'आतली बातमी' म्हणून कुणी निरोप पाठवतो, तेव्हा दोनच शक्यता असतात. बातमी खरी असेल तर तिच्यावर पैसे कमावणे बेकायदा आहे, आणि दुसऱ्याला अंधारात ठेवून कमावलेली ती कमाई हलाल कशी म्हणायची? आणि बातमी खोटी असेल तर पैसे जाणार आपले. कोणत्याही बाजूने बघा, घरात बरकत येत नाही.

भाईजानचे काय झाले?

त्यांनी शेअर घेतले नाहीत. फीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले आणि खात्यावर भाचीचे नाव जोडले. म्हणजे हात लावण्याआधी तिला विचारावे लागेल, ही माझी सूचना. भाचीने मला फोन करून म्हटले, "फुफू, अब्बांना तुम्ही काय सांगितलंत? ते आता मलाच हिशेब विचारतात."

गोष्ट इथेच संपली असती तर मला बरे वाटले असते. पण पुढच्या महिन्यात त्या शेअरचा भाव बराच वर गेला. भाईजाननी फोन केला. आवाज शांत होता, तरी ऐकू यायचे ते आले. "तुझं ऐकलं नसतं तर ६० हजार सुटले असते."

मला क्षणभर वाईट वाटले, हे कबूल करते. मग मी त्यांना विचारले, "भाईजान, तुम्ही कुवेतला असताना चार लाख रुपये घेऊन कुणी म्हटले असते की नाणे उडवू, जिंकलात तर ६० हजार, हरलात तर पोरीचे शिक्षण, तर तुम्ही उडवले असते का?"

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जून आला. दुसऱ्या वर्षाची फी भरायची तारीख कळव."

फी भरली. पावती भाचीने मला पाठवली आहे. त्या शेअरचा भाव आज काय आहे, ते मी बघितलेले नाही. पण कंपनीचे नाव मी वहीत लिहून ठेवले आहे, समोर गहाण शेअरांचा आकडाही. पुढच्या तिमाहीचा तक्ता आला की आम्ही बहीणभाऊ दोघे मिळून बघणार आहोत. भाईजान आता स्वतःच रकाने वाचतात, आणि ग्रुपवर असा निरोप आला की खाली एकच प्रश्न लिहितात : "मार्ग कोणता, ते सांगा."

उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

खुदा हाफिज.